भंडारा लावलेला धुण्याचा दगड

आमच्या घरामागं आड होता, आडाला बारमाही पाणी होतं, आणि तरी मी लग्न होऊन आले तेव्हा घरचं धुणं नदीवरच जायचं. कारण आडाजवळ दगड नव्हता. काळ्या मातीत बसून धुणं धुवायचं म्हणजे धुण्यापेक्षा मळवणंच जास्त. हे मी आता नातसुनांना सांगते तेव्हा त्या तोंडावर पदर धरून हसतात. त्यांच्या न्हाणीत खोक्यासारखं यंत्र घरघरत असतं, आणि ते घ्यायच्या आधी परवडेल ते आणि टिकेल ते शोधण्यासाठी नवराबायको महिनाभर दुकानं पालथी घालतात. मी काही त्यांना हसत नाही. आम्ही तर नुसता एक दगड आणायला निघालो होतो, आणि तो घरी येईपर्यंत आमच्या नाकीनऊ आले होते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, पूर्णेच्या काठाला. घर धनगराचं, थोडी जमीन, बरीच मेंढरं. नदीचा काठ आमच्या बाजूनं उंच होता आणि खाली पाण्यापर्यंत जाणारी वाट दरडीच्या अंगानं उतरायची. गावात तिला नुसतं ‘उतार’ म्हणत. चढताना डोक्यावर ओलं धुणं असायचं, आणि आमच्या घरचं धुणं म्हणजे धोतरं-लुगडी थोडी आणि घोंगड्याच फार. ओली घोंगडी किती जड होते हे ज्यानं उचललीय त्यालाच ठाऊक.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्या डाव्या पायावर जरा झुकून चालत. तरुणपणी त्याच उतारावर ओल्या घोंगड्यांसकट त्या घसरल्या होत्या. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. कंबर कायमची दुखावली आणि पोटातलं लेकरू गेलं. हे मला शेजारणीनं सांगितलं. आत्याबाईंच्या तोंडून त्या लेकराबद्दल एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं.

मला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी ना ओटी भरली, ना गोड केलं. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, “आजपासून तू उतार उतरायचा न्हाई.”

“मंग धुनं?”

“मी हाये ना.”

आणि त्या जाऊ लागल्या. तशा कमरेनं. एके दिवशी दुपार कलली तरी आल्या नाहीत म्हणून मी काठावर जाऊन पाहिलं, तर आत्याबाई उताराच्या मधोमध बसलेल्या, शेजारी घोंगड्यांचा ढीग, आणि उठता येत नव्हतं. मी दोन पावलं खाली टाकली असतील नसतील, तर त्या अशा ओरडल्या की नदीपल्याडची माणसंही वळून पाहू लागली. “वर व्हय! आधी वर व्हय!” मी वर झाले. त्यांना मग दुसऱ्या बायांनी धरून आणलं. संध्याकाळी त्यांनी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगून टाकलं की आडाजवळ धुण्याचा दगड बसवायचा, आणि पाऊस लागून उतार निसरडा होण्याच्या आत बसवायचा.

मामंजी भला माणूस, पण पैसा सुटताना त्यांचा जीव वरखाली व्हायचा. “नदीत काय दगडाला तोटा हाये?” ते म्हणाले.

“नदीचे गोटे गोल. त्येच्यावर धुनं ठरत न्हाई, घरंगळतं. घडीव दगड पायजे, हातभर उंच बसवायचा, म्हंजी वाकायचं काम न्हाई.”

“दगडाला पैसे मोजले म्हनल्यावर लोक हसतील.”

“हसू द्या. पैसे माझ्या कातलेल्या लोकरीचे हायेत.”

यावर मामंजी गाडीच्या चाकांना वंगण घालायला उठले. माझे मालक तेव्हा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे गेले होते, त्यामुळं निघालो ते आम्ही तिघंच. मला खरं तर घरी राहायला हवं होतं. पण आत्याबाई म्हणाल्या, “हिला घरी ठेवली तर ही गुपचूप धुनं घेऊन नदीला जाईल. मला म्हाईत हाये.” त्यांना बरोबर माहीत होतं. तेव्हा गाडीत कडबा अंथरला आणि मला त्यावर मूर्तीसारखी बसवली.

भोकरदनच्या वाटेवर एका टेकडीच्या पायथ्याला पाथरवटांची पालं पडलेली होती. मी खाण पहिल्यांदाच पाहत होते. दगड फोडणं म्हणजे घणाचे घाव घालून तुकडे करणं, अशी माझी समजूत. तिथं तसं काही नव्हतं. एका माणसानं कातळावर ओळीनं छिद्रं पाडली होती, त्यांत लोखंडी पाचरी बसवल्या होत्या, आणि तो एकेका पाचरीवर बेतानं ठोकत पुढं जात होता, पुन्हा मागं येत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कातळातून एक बारीकसा आवाज आला, पापड मोडल्यासारखा, आणि एवढा मोठा काळा कातळ सरळ रेषेत उघडला. मी कडब्यावरून उतरून जवळ गेले. उघडलेल्या बाजूला हात लावला तर गार. भर वैशाखात गार! जगाच्या सुरुवातीपासून त्या जागेला ऊन ठाऊक नव्हतं, वारा ठाऊक नव्हता, आणि पहिला हात लागला तो माझा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पोटातल्या जिवाचा विचार मनात आला, का आला ते सांगता येणार नाही, पण आला.

आत्याबाईंना असल्या गोष्टींना वेळ नव्हता. घडवून ठेवलेल्या दगडांपुढं त्या उभ्या होत्या. त्यांच्या बेतात बसतील न बसतील असे तीन दगड पाथरवटाच्या बायकोनं दाखवले. आत्याबाईंनी आधी प्रत्येकाला खड्यानं वाजवून आवाज ऐकला. मग गाडीतून आणलेल्या घागरीतलं पाणी प्रत्येकावर ओतलं आणि ते वाळेपर्यंत बसून राहिल्या. आत चीर असली तर ती रेघ मागाहून वाळते. आणि मग त्यांनी गाठोडं सोडून एक मळकी घोंगडी बाहेर काढली.

पाथरवटीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “मावशे, दगड घ्याला आली का धुनं धुवाला?”

“बैल घेताना औताला जुपून बघतेत का न्हाई?” आत्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

तीनही दगडांवर त्यांनी घोंगडी धुतली. खाण थांबली म्हटलं तरी चालेल. छिन्नी हातात धरून माणसं बघत होती. एक दगड लहान होता, घोंगडी त्याच्यावर मावेना, अर्धी मातीत लोळायची. दुसरा मात्र काय सांगावा! लांबरुंद, पाठ सपाट पण हाताला किंचित खरखरीत, पाणी एका अंगाला आपोआप वाहून जाईल असा बारीक उतार दिलेला. आत्याबाई त्याच्यावरून हात फिरवत राहिल्या. किंमत विचारली आणि हात काढून घेतला.

तिसरा त्याच्याच जोडीचा होता. फक्त त्याचा एक कोपरा उडाला होता, घडवताना ढपली निघून अर्धगोल खळगा पडला होता. “ह्यो तसाच पडून राह्यलाय,” पाथरवटीण म्हणाली, “कोपरा गेलेला कोन घेतंय? तुला देते खर्च्याच्या भावात.” आत्याबाईंनी खळग्यात बोट फिरवलं, तिथं घोंगडीचं सूत अडकतं का ते पाहिलं. अडकत नव्हतं. “बराबर हाये,” त्या म्हणाल्या, “कोपऱ्यावर कोन धुतंय?” लोकरीचे सगळे पैसे त्यात गेले. आत्याबाईंची कनवटी रिकामी झाली आणि चेहरा मात्र असा फुलला की मामंजीही गालातल्या गालात हसले.

दगड पहारींनी सरकवत फळीवरून गाडीत चढवला. आता इथं मामंजींनी जे केलं त्यात चूक काहीच नव्हती. आमच्याकडे नवी वस्तू घरी न्यायची तर तिला खंडोबाचा भंडारा लावायची रीत. नवी कुऱ्हाड असो, विकत घेतलेली मेंढी असो, मला घरात घेतलं तेव्हा मलाही लावला होता. मामंजींच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी असायचीच. त्यांनी चिमूटभर काढला, दगडाला लावला, “येळकोट येळकोट” म्हणाले, आणि हात उदार झाला असावा, उरलेली मूठही वरून उधळली. काळा कुळकुळीत दगड, ओला, आणि त्यावर पिवळाधमक भंडारा. गाडी हाकणारा धनगर. शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या दोन बाया. आम्हाला आम्ही दिसत नव्हतो, म्हणून काही कळलं नाही.

पहिल्या वाडीजवळ एक बाई घागर घेऊन चालली होती. गाडी पाहून ती बाजूला झाली, घागर खाली ठेवली आणि वाकून हात जोडले. मला वाटलं मामंजींच्या ओळखीची असेल. पुढं एका म्हाताऱ्यानं पायताण काढून नमस्कार केला. मग पोरं गाडीमागं धावू लागली. मग एकानं गाडीत नारळ ठेवला, एकीनं ओंजळभर ज्वारी दगडावर वाहिली, आणि माझ्याच्यानं राहवेना.

“आत्याबाई, ही लोकं ह्याला देव समजून राह्यली.”

आत्याबाईंनी मामंजींच्या पाठीला बोट टोचलं. “सांगा की त्यास्नी. धुन्याचा दगड हाये म्हना.”

“केला नमस्कार तर कुठं बिघडलं?” मामंजी पुढंच बघत म्हणाले. “नमस्कार करनाऱ्याला नको कर म्हनायचं?” पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. नारळ पडल्यापासून त्यांचंही मन डळमळायला लागलं होतं.

गावाच्या अलीकडे एक ओढा लागतो. त्याच्या रेतीत चाक रुतलं. इतका वजनदार दगड, रेती मऊ, बैल दिवसभराचे दमलेले, रुतणारच. पण बैल थांबले तशी मागून येणारी माणसं पुढं आली, शेतातली आली, बघता बघता पन्नाससाठ जमली. एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं गाडीत डोकावून पाहिलं. त्याची नजर उडालेल्या कोपऱ्यावर गेली. तो अर्धगोल खळगा पाहून त्यानं दोन्ही हात वर केले.

“घोड्याची टाप!” तो म्हणाला. “देवाच्या घोड्याची टाप उमटलीया! आन् गाडी हितंच थांबली. देवाला हितंच राह्याचंय.”

ज्या कोपऱ्यासाठी दगड स्वस्त मिळाला, त्याच्यापुढं माणसं माथा टेकत होती. आज मला याचं हसू येतं, पण त्या वेळी अजिबात आलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी एखाद्या गोष्टीकडं तसं पाहिलं की तिचं काहीतरी होतंच. मी स्वतः त्या दगडाला पाठ लावून बसले होते, ती झटकन पुढं सरकले. कुणीतरी लिंबाच्या झाडाखाली जागा झाडायला घेतली. मामंजींनी कासरा सोडून दिला होता आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

“कौल लावा,” म्हातारा म्हणाला. “दगडाला दोन बाजूनं दोन फुलं चिकटवा. उजवं पडलं तर देव पुढं जातो, डावं पडलं तर हितं राह्यतो. मंग कुनाचीच तक्रार न्हाई.”

सगळ्यांना ते पटलं. मामंजींनाही पटलं. तेवढ्यात आत्याबाई गाडीतून उतरल्या. उतरताना त्यांची कंबर कळवळली, चाकाला धरून क्षणभर थांबल्या, आणि मग उभ्या राहिल्या. चार पुरुषांसमोर कधी मान वर न करणारी बाई. पदर डोक्यावर होता, पण आवाज साऱ्यांना ऐकू गेला.

“कौल नको,” त्या म्हणाल्या.

“का नको, बाई? देवाला इचारायचं नको?”

“इचारलं आन् त्येनं न्हाई म्हनलं तर? मी दुसरा दगड कुठून आनू? माझे पैसे सरले.”

कुणीतरी हसलं. आत्याबाई बोलत राहिल्या. “त्यो देव न्हाई, असं मी म्हनत न्हाई. मला काय कळतंय? असंल. पन मी त्येला धुन्यासाठी आनलंय. आमच्या नदीच्या उतारावर माझं लेकरू गेलं. पोटातच गेलं. नाव सुदिक ठेवता आलं न्हाई त्येचं. तवा कोन देव मधी आल्ता? आता ही सून हाये माझी, हिला सहावा लागलाय. मी हिला उतार उतरू देनार न्हाई. देव असंल त्यो, तर त्येला माझ्या घरी यावं लागंल, आन् माझ्या सुनेचं धुनं अंगावर घ्यावं लागंल. हितं लिंबाखाली बसून नारळ खायाला मी त्येला आनलेला न्हाई.”

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून त्या लेकराबद्दल ऐकलं, तेही ओढ्यात, परक्या माणसांपुढं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मामंजी बायकोकडं असे बघत होते की इतकी वर्षं संसार करून ही कोण आहे हे त्यांना आज कळत होतं. मला त्या दगडाची भीती वाटली होती. आता त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी माझ्यासमोर रेतीत उभं होतं, डाव्या पायावर झुकून.

मग जमलेल्या बायांमधली एक म्हातारी पुढं आली. तिनं आत्याबाईंच्या कमरेकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, काष्टा घट्ट केला आणि चाकाला खांदा लावला. “बघत काय राह्यले?” ती बाप्यांवर खेकसली. “तुमी कवा ओलं धुनं डोईवर घेतलंय का? लावा हात, जल्दी!” दुसरी आली, तिसरी आली. शेवटी तो मिशांचा म्हाताराही आला. चाक रेतीतून निघालं तेव्हा तोच सगळ्यांत मोठ्यानं “येळकोट” ओरडला.

दगड घरी आला. मामंजींनी दोन मोठ्या धोंड्यांवर तो आडाजवळ बसवला, हातभर उंच, उतार भाजीच्या वाफ्याकडं, म्हणजे पाणी तिकडं जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई धुणं घेऊन त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. लुगडं भिजवलं, पिळा केला, हात वर उचलला, आणि हात वरच राहिला.

“काय झालं, आत्याबाई?”

“भ्या वाटून राह्यलं.”

“काल तर एवढं बोललात.”

“काल बोलले. काल त्येला घरी आनायचं होतं.” त्यांनी हात खाली घेतला. “त्येनं राग धरला आन् तुझ्या पोटावर काढला तर?”

मी त्यांच्या हातातून पिळा घेतला आणि दगडावर आपटला. खणखणीत आवाज झाला. आडातले पारवे भुर्रकन उडाले. आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले होते. पाणी शांतपणे वाफ्याकडं वाहत गेलं. त्यांनी एक डोळा उघडून माझ्या पोटाकडं पाहिलं, मग म्हणाल्या, “सरक. मी धुते. रागावलाच तर माझ्यावर रागावू दे.”

पुढचे महिने दगड त्यांनीच वापरला, मला त्याला हात लावू दिला नाही. म्हणजे उतार टळला म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि दगडाच्या धास्तीनं पुन्हा टांगणीला लागला. माझी पाठ दुखली की त्या आधी आडाकडं बघत. पोटात बाळ फिरलं नाही असं वाटलं की बाहेर जाऊन दगडाशी काहीतरी पुटपुटून येत. काय पुटपुटत ते मी कान देऊन ऐकलं होतं. “तुझं काय असंल ते माझ्याशी,” एवढंच. पण आपटायच्या मात्र जोरात. घोंगडीतला मळ काही भीतीला ऐकत नाही.

भाद्रपदात भर दुपारी मला मुलगी झाली. सुखरूप झाली, आणि रडली ती अशी की मामंजी अंगणातून उठून आत आले. सव्वा महिना झाल्यावर मला न्हाऊ घालून आत्याबाईंनी बाहेर आणलं. लेक त्यांच्या कडेवर होती. त्या सरळ आडाकडं गेल्या. दगड उन्हानं कोमट झाला होता. त्यांनी त्याच्यावर दुपटं अंथरलं, लेकीला त्यावर निजवलं, आणि त्या मोडक्या कमरेनं जमलं तेवढं वाकून लेकीच्या पायाशी दगडाला कपाळ टेकवलं. बराच वेळ टेकवलं. वर झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

“आता म्हनते देव,” आत्याबाई म्हणाल्या.

लेकीनं तेवढ्यात दुपटं ओलं केलं. आत्याबाईंनी तिला उचलून माझ्याकडं दिलं, पदर खोचला, आणि ते दुपटं त्याच दगडावर धुवायला घेतलं.